पिशवी कोणाची, निर्णय कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सिंदखेडराजा आठवते, लोणारचे सरोवर आठवते, शेगाव आठवते. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेले एक लहानसे पुस्तक मात्र चटकन आठवत नाही. त्याचे नाव 'स्त्री-पुरुष तुलना' आणि लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे वऱ्हाडातल्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेने जन्मलेले मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये तिला आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती जन्मठेपेवर आली. वर्तमानपत्रांतून तिच्यावर आणि एकूणच बायकांवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी हे पुस्तक लिहिले. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून काढले, तेव्हा कुठे ते सर्वांसमोर आले.

हे पुस्तक वैद्यकाचे नाही. पण त्यातला मूळ प्रश्न वैद्यकालाही विचारता येतो. स्त्रीच्या देहाबद्दलचे नियम ठरवणारे कोण आणि त्या नियमांचे परिणाम भोगणारे कोण? बुलढाण्याच्या, खरे तर महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यात 'पिशवी काढली' हे शब्द आज सहज कानावर पडतात. तिशी-पस्तिशीतली बाई ते सांगते, तेव्हा ऐकणाऱ्यालाही त्यात फारसे नवल वाटत नाही. 'मुलंबाळं झाली, नसबंदी झाली, आता ती पिशवी काय कामाची?' हे वाक्यही ठरलेले असते. हा निर्णय नेमका कोण घेते आणि तो घेण्याची ही रीत कुठून आली, याचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत.

आधी थोडे शरीरशास्त्र

गर्भाशय म्हणजे पिशवी हा मुठीएवढा, पेरूच्या आकाराचा स्नायूंचा अवयव आहे. त्याच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. पाळीचे रक्त पिशवीतून येते. पाळीचे वेळापत्रक मात्र अंडाशयांतून आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकांच्या हाती असते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत फक्त बीजनलिका बंद करतात. त्यामुळे पाळी थांबत नाही. पिशवी काढून अंडाशये ठेवली तर पाळी बंद होते, पण संप्रेरके तयार होत राहतात. अंडाशयेही काढली तर जी रजोनिवृत्ती एरवी काही वर्षांत हळूहळू यायची, ती एका दिवसात येते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, झोप उडणे या तक्रारी तर येतातच, शिवाय हाडे ठिसूळ होण्याची प्रक्रिया लवकर सुरू होते. २००९ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिशवीबरोबर अंडाशये काढलेल्या आणि ठेवलेल्या सुमारे २९ हजार स्त्रियांवर त्यात २४ वर्षे लक्ष ठेवले होते. अंडाशये काढलेल्यांना स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होता, पण एकूण मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात जास्त निघाले.

भारतात पाळी नैसर्गिकपणे जाण्याचे सरासरी वय ४६-४७ आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पिशवी काढल्याबद्दलची माहिती पहिल्यांदाच तपशिलाने विचारली गेली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.२ टक्क्यांनी पिशवी काढलेली होती. शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय होते ३४. म्हणजे निम्म्या स्त्रियांची पिशवी पाळी जाण्याच्या बारा वर्षे किंवा त्याहूनही आधी गेली. दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झाल्या होत्या. कारण म्हणून निम्म्याहून अधिक स्त्रियांनी जास्त रक्तस्राव आणि दुखणे सांगितले.

भूल नव्हती तेव्हा

ओटीपोट उघडण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास एका बाईच्या धैर्याने सुरू होतो. १८०९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या केंटकी प्रांतातील जेन टॉड क्रॉफर्ड घोड्यावर बसून साठ मैल दूर डॅनव्हिल गावी आल्या. पोटात मोठी गाठ होती. एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की असे पूर्वी कोणी केलेले नाही, हा प्रयोग आहे. त्यांनी होकार दिला. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. सुमारे पंचवीस मिनिटांत दहा किलोंहून जास्त वजनाची अंडाशयाची गाठ निघाली. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या आणि १८४२ पर्यंत जगल्या.

या घटनेत रोग खरा होता, धोका सांगितलेला होता आणि होकार तिचा स्वतःचा होता. पुढच्या इतिहासात या तीनही गोष्टी एकत्र फार क्वचित दिसतात. १८४० च्या दशकात अलाबामात मॅरियन सिम्स यांनी बाळंतपणात मूत्राशयाला पडणारे छिद्र बंद करण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. ती आजही लाखो स्त्रियांना उपयोगी पडते. पण तिचे प्रयोग झाले गुलाम स्त्रियांवर आणि तेही भूल न देता. अ‍ॅनार्का नावाच्या एकीवर सुमारे तीस वेळा. परवानगी होती ती मालकांची.

योनिमार्गाने पिशवी काढण्याची ठरवून केलेली पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतील कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये केली. सहकाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. ती बाई सव्वीस वर्षांनी वारली आणि शवविच्छेदनात पिशवी नसल्याचे दिसले, तेव्हा वाद मिटला. १८४६ मध्ये ईथर, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आणि १८६७ पासून लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत आली. शस्त्रक्रिया करता येईल का, हा प्रश्न हळूहळू सुटला. ती करावी का, हा प्रश्न मात्र आता सुरू झाला.

निरोगी अवयवावर सुरी

१८७२ मध्ये जॉर्जियातील रॉबर्ट बॅटी यांनी एका तरुण स्त्रीची निरोगी अंडाशये काढली. पाळीच्या वेळचा त्रास, फेफरे, 'उन्माद' अशा तक्रारींवर हा उपाय म्हणून पुढची काही दशके युरोप-अमेरिकेत गाजला. हजारो स्त्रियांची धडधाकट अंडाशये गेली. संप्रेरकांचे शास्त्र तेव्हा जन्मलेही नव्हते. स्त्रीचे सारे आजार तिच्या जननेंद्रियांतून निघतात, हा समज मात्र पक्का होता. साधन हाती आले आणि समज तयारच होता, की उपाय आधी आणि निदान नंतर अशी उलटी गाडी चालू लागते.

त्याच काळात आपल्याकडे वेगळीच अडचण होती. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून बायका उपचारांविना राहत. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर असलेली रुग्णालये निघू लागली. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला वऱ्हाडातले लोक आजही 'डफरीन' म्हणतात. तिकडे उपचारांचा अतिरेक होता, इकडे उपचारांचा दुष्काळ. आज एकाच जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

मुंबईची वेगळी वाट

लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडे आणि भारे. यामुळे पिशवीला आधार देणारे बंध सैल पडतात आणि 'अंग बाहेर येते'. पाश्चात्त्य देशांत हा उतारवयातला विकार मानला जाई आणि पिशवी काढणे हा सरळ उपाय. मुंबईच्या डॉक्टरांसमोर मात्र विशीतल्या मुली येत होत्या. डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पिशवी न काढता तिला पट्टीने किंवा स्नायूंच्या आवरणाने वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. शिरोडकर जगभर ओळखले जातात ते गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे. तो त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. या शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावांनी पाठ्यपुस्तकांत आहेत.

अवयव वाचवण्याची ही परंपरा अभिमानाची आहे. तिच्यामागचे कारणही नीट पाहायला हवे. पिशवी वाचवायची ती पुढे मूल व्हावे म्हणून. मुले झाली की वाचवण्याचे कारणच संपते. पिशवीची किंमत तिच्या मालकिणीच्या आरोग्यावर नाही, तर पुढच्या बाळंतपणावर ठरते. 'आता ती काय कामाची?' या वाक्याचे मूळ इथे आहे आणि ते डॉक्टर, सासू, नवरा आणि ती स्वतः, असे सर्वांच्या मनात सारखेच रुजलेले आहे.

पाळी जाणे हा आजार झाला

१९४२ मध्ये अमेरिकेत 'प्रेमारिन' हे औषध विक्रीला आले. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन त्यात होते. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर ते गुणकारी होते. पण १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने कायमच्या तारुण्याची हमी देणारे पुस्तक लिहिले. रजोनिवृत्ती ही इस्ट्रोजेनच्या कमतरतेची व्याधी आहे आणि औषध आयुष्यभर घ्यावे, असा त्याचा सूर होता. पुस्तकाचा प्रचंड खप झाला. विल्सन यांना औषध कंपनीचे पैसे मिळत होते, हे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले.

१९७५ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत पिशवीच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका साडेचार ते साडेसात पट आढळला. मग दुसरे संप्रेरक जोडून अस्तराचे रक्षण करण्याची पद्धत आली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मुदतीआधी थांबवला गेला. संयुक्त गोळीने स्तनांच्या कर्करोगात २६ टक्के वाढ, ही बातमी जगभर पसरली आणि लाखो स्त्रियांनी गोळ्या एका रात्रीत बंद केल्या.

ही टक्केवारी गणिताच्या शिक्षकांनी जरूर वर्गात घ्यावी. दरवर्षी दहा हजार स्त्रियांमागे गोळी न घेणाऱ्यांत ३० जणींना आणि घेणाऱ्यांत ३८ जणींना स्तनांचा कर्करोग झाला. म्हणजे वाढ दहा हजारांत आठ. २६ टक्के हेही खरे आणि दहा हजारांत आठ हेही खरे. पण पहिला आकडा ऐकून बाई घाबरते, दुसरा ऐकून विचार करते. शिवाय प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षे झालेली होती. पुढच्या विश्लेषणांतून दिसले की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, खरोखरच त्रास असणाऱ्या निरोगी स्त्रियांना या औषधांचा फायदा तोट्यापेक्षा जास्त असतो. आधी सर्वांनी घ्या, मग कोणीच घेऊ नका. या दोन टोकांमध्ये प्रत्येकीला वेगळा हिशेब करता येतो, ही साधी गोष्ट कळायला साठ वर्षे लागली.

बुलढाण्याच्या खेड्यांत या गोळ्यांचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे पाळी जाण्याच्या वयाआधीच पिशवी जाते आणि अंडाशये गेली असतील तर अकाली आलेल्या रजोनिवृत्तीवर औषध घ्यायचे असते, हे पुष्कळदा कोणी सांगतच नाही. एके ठिकाणी जे औषध गरज नसताना दिले गेले, तेच दुसऱ्या ठिकाणी गरज असताना मिळत नाही.

गडचिरोलीची दोन गावे

विदर्भातल्या एका अभ्यासाने मात्र जगाचे डोळे उघडले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी तीनहून अधिक. त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. तोवर खेड्यातल्या स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच मानले जाई.

यातले बरेच रोग जंतुसंसर्गाचे होते. साध्या औषधांनी बरे होणारे. अंगावरून पांढरे जाणे हे त्यांचेच एक लक्षण. पण ज्या बाईला पांढऱ्या पाण्यासाठी दहा वर्षे कोणी विचारलेच नाही, तिला अकराव्या वर्षी कोणी 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असे म्हटले, तर तिने काय करावे? दुर्लक्ष आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये जे उपचार असायला हवेत, तेच गावात नसतात.

कॅन्सरच्या भीतीचेही शास्त्र आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात तो आधीच्या अवस्थेत ओळखता येतो. मराठवाड्यातल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर याचा मोठा प्रयोग झाला. कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची फक्त एकदा चाचणी केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला. ज्या मराठी मुलखाने हे जगाला शिकवले, त्या मुलखात चाचणी होत नाही, भीती मात्र पोचते. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी चाचणी कधी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या.

बीडचा हिशेब

बुलढाण्याच्या दक्षिणेला जालना आणि त्यापलीकडे बीड. २०१९ च्या एप्रिलमध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहांमध्ये एक. देशाची सरासरी तीसमध्ये एक. दोन पाहण्यांतले वयोगट सारखे नाहीत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण फरक इतका मोठा आहे की केवळ वयाने तो स्पष्ट होणार नाही.

मुकादमाने जबरदस्ती केली, डॉक्टरने फसवले, असे सरळ चित्र काही बातम्यांतून उभे राहिले. प्रत्यक्षात अनेक स्त्रियांनी सांगितले की निर्णय आमचाच होता. हे समजून घेतले पाहिजे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो, दंड कापला जातो. पालावर संडास नाही, न्हाणी नाही, पाण्याची टंचाई. पाळीत दोन दिवस अंगावरून जास्त जाऊ लागले की दोन दिवसांचा खाडा. दरवेळी औषधाला पैसे, दरवेळी तालुक्याची खेप. त्यापेक्षा एकदाच कर्ज काढावे आणि ही कटकट मिटवावी. हा अडाणीपणा नाही, हिशेब आहे. फक्त हिशेबाच्या पाटीवर सगळ्या रकमा मांडलेल्या नाहीत. हाडांची झीज, कंबरदुखी, अकाली रजोनिवृत्ती ही पुढची देणी त्यात नाहीत. आणि संडास, पगारी रजा, जवळचा दवाखाना या ज्या गोष्टींनी हिशेबच बदलला असता, त्या तिच्या हाती नाहीत.

बुलढाण्यात २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार लोक आणि तेरा तालुके. पाचांतले चार जण खेड्यात राहतात. इथे ऊस कमी आणि कापूस-सोयाबीन जास्त. पण वेचणीच्या दिवसांत रोज बुडाला तर काय होते, हे इथल्या बाईला कोणी शिकवायला नको. त्यामुळे बीडचा हिशेब तिला परका वाटणार नाही.

तीन दूरची उदाहरणे आणि एक जवळचे

हा प्रश्न केवळ गरिबीचा आहे का? १९८२ मध्ये जॉन वेन्बर्ग यांनी अमेरिकेच्या मेन प्रांतातील आकडे मांडले. एका भागात सत्तरीपर्यंत पिशवी काढलेल्या स्त्रिया २० टक्के, तर दुसऱ्या भागात ७० टक्के. दोन्हीकडच्या बायकांच्या पिशव्या काही वेगळ्या नव्हत्या. वेगळी होती ती डॉक्टरांची सवय.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९७० च्या सुमारास या शस्त्रक्रिया झपाट्याने वाढल्या. डॉक्टरांच्या संघटनेने समिती नेमली, कोणत्या कारणांसाठी शस्त्रक्रिया योग्य याची यादी केली आणि रुग्णालयांचे कागद तपासायला सुरुवात केली. चार वर्षांत शस्त्रक्रिया एक तृतीयांशाने घटल्या. स्वित्झर्लंडच्या टिचिनो प्रांतात तर १९८४ मध्ये केवळ वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरून लोकांना माहिती दिली गेली. शस्त्रक्रियांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. तुलनेसाठी घेतलेल्या ज्या दुसऱ्या प्रांतात मोहीम नव्हती, तिथे ते उतरले नाही.

तर मग आपणही माहिती दिली की काम झाले? गुजरातेत 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेला असे आढळले की त्यांच्या विमा योजनेत पिशवी काढण्याचे दावे फार मोठ्या प्रमाणात येतात. आरोग्यसेविकांनी गावोगावी शिक्षण दिले आणि त्याचा परिणाम शास्त्रीय पद्धतीने मोजला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला. शस्त्रक्रियांच्या प्रमाणात फरक पडला नाही.

टिचिनोत माहितीने काम केले आणि गुजरातेत केले नाही, हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आम्हाला वाटतो. टिचिनोतल्या बाईला शस्त्रक्रिया नको म्हटल्यावर दुसरे उपचार जवळच होते. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक आम्ल, जे जपानच्या उताको ओकामोतो या संशोधिकेने पतीसोबत १९६२ मध्ये जगापुढे आणले. पुढच्या काळात यांत संप्रेरक सोडणाऱ्या तांबीसारख्या वस्तूची भर पडली, जी फिनलंडमध्ये विकसित झाली आणि १९९० पासून तिथे मिळू लागली. अंग बाहेर आल्यास योनीत बसवायचे कडे. फक्त गाठ काढून पिशवी ठेवणे. खेड्यातल्या बाईला नको म्हणण्याचा अधिकार दिला, पण नकोच्या पलीकडे काहीच नाही, तर तो अधिकार कागदावर राहतो. निर्णय घ्यायला माहिती लागते आणि निवडायला दुसरी वाटही लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पिशवी काढणे ही वाईट शस्त्रक्रिया नव्हे. कर्करोगात, फार मोठ्या गाठींत, कशानेही न थांबणाऱ्या रक्तस्रावात ती जीव वाचवते आणि नीट विचार करून ती करून घेतलेल्या कितीतरी स्त्रिया समाधानी असतात. आक्षेप शस्त्रक्रियेवर नाही, ती पहिला आणि एकमेव उपाय होण्यावर आहे.

सही कोणाची?

१९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे एक खटला आला. एका स्त्रीने पोटातील गाठीच्या फक्त तपासणीला होकार दिला होता. भुलेखाली असताना गाठच काढली गेली. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तत्त्व मांडले की शहाण्यासुरत्या प्रौढ माणसाला आपल्या देहाचे काय करायचे ते ठरवण्याचा हक्क आहे. संमतीच्या कायद्याचा हा पाया मानतात.

आपल्याकडे १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील काही मतिमंद मुलींची पिशवी काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी जोरदार विरोध केल्यावर ते थांबले. सेविका वाढवणे, पाणी देणे हा उपाय महाग आणि अवयव काढणे स्वस्त, हाच हिशेब तिथेही होता. बीडच्या बायकांनी तो स्वतः मांडला, शिरूरच्या मुलींसाठी तो इतरांनी मांडला.

दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ मध्ये रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी तपासणीला गेली. ती भुलेखाली असताना तिच्या आईची सही घेऊन पिशवी आणि अंडाशये काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला की प्रौढ, सक्षम स्त्रीच्या ऐवजी आईची संमती चालत नाही. तातडीने जीव वाचवायचा नसेल, तर शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे. हे नवऱ्याच्या सहीलाही लागू आहे. तरीही फॉर्मवर नवऱ्याची सही असली की काम झाले, असे समजणारे अजून पुष्कळ आहेत.

राजस्थान, बिहार आणि छत्तीसगढमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितले. जिल्ह्या-जिल्ह्यांत देखरेख समित्या असाव्यात, चाळिशीच्या आतल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची विशेष छाननी व्हावी, अशी त्यांची दिशा आहे. सस्कॅचेवानने पन्नास वर्षांपूर्वी धरलेली ही वाट आहे.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या विज्ञानात प्रजननसंस्थेचा धडा असतो आणि तो अनेक शाळांत 'घरी वाचा' म्हणून सोडला जातो. पिशवी आणि अंडाशय यांतला फरक तिथे कळला नाही, तर पुढे तो कळण्याची संधी बहुतेक मुलींना मिळत नाही. मुलांनाही तो कळला पाहिजे, कारण उद्या फॉर्मवर सही करायला तेच पुढे होतात. धडा वर्गात शिकवणे ही पहिली गोष्ट. आकृतीवर 'इथे नसबंदी होते', 'ही पिशवी', 'ही काढली तर काय होते' असे तीन प्रश्न विचारले, तरी अर्धे काम होते.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत. मला नेमका कोणता आजार आहे आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने किंवा दुसऱ्या उपायाने तो बरा होऊ शकतो का आणि ते उपाय करून पाहिले का? सहा महिने थांबले तर काय होईल? अंडाशये ठेवणार की काढणार, आणि का? दुसऱ्या डॉक्टरांचा, शक्यतो सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला घेऊन येऊ का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मुली हे प्रश्न वहीत उतरवून घरी नेतील. त्यांच्या आया बहुधा पस्तिशीच्या आसपास असतात आणि पिशवीचा निर्णय त्याच वयात होतो.

तिसरी गोष्ट शाळेच्या भिंतीबाहेरची आहे. गुजरातच्या अनुभवाने दाखवले की माहिती एकटी पुरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगाची तपासणी कोणत्या वारी होते, गर्भाशयमुखाची चाचणी तिथे होते का, रक्तस्रावावरच्या गोळ्या उपलब्ध आहेत का, हे ग्रामसभेत विचारता येते. खेड्यात असा प्रश्न लेखी विचारू शकणाऱ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करू शकणाऱ्या व्यक्ती मोजक्या असतात. शिक्षक त्यांतले एक.